वाढ जुन्यावर मोजायची

माझा आवाज मोठा आहे. एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. एकेका वर्गात साठ-साठ पोरं, खिडकीखालून कॅनॉलचा रस्ता आणि त्या रस्त्यावरून गाणी वाजवत जाणारे उसाचे ट्रॅक्टर. त्यात हळू बोलून भागणार कसं? आमचे हे म्हणतात, "तू घरात चहा मागितलास की राहुरीच्या स्टँडवर कुणीतरी आधण ठेवतं." मी रिटायर झाले की आवाज खाली येईल अशी त्यांना फार आशा होती. ती काही फळाला आली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात सगळा दोष याच आवाजाचा आहे.

सात-आठ वर्षं झाली असतील. दिवाळी होऊन गेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या गावच्या अंगणवाडीतली मदतनीस दारात उभी राहिली. चौतीस-पस्तीसची बाई, शेजारच्या गावाहून लग्न होऊन आलेली. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, त्यांची खिचडी शिजवायची, झाडलोट करायची आणि महिन्यातून एकदा वजनाच्या दिवशी काटा टांगायचा, हे तिचं काम. जाता-येता दिसायची, पण आमचं बोलणं कधी झालं नव्हतं.

"बाई, सतरा नंबरचा फारम भरलाय," ती म्हणाली. "धाव्वीला भायेरनं बसायचा. बाकीचे विषय निघत्याल. गणित तेवढं बघता का?"

मी विचारलं, आत्ताच कशाला सुचलं हे? तर अंगणवाडीच्या सेविका ताई पुढच्या जूनमध्ये रिटायर होणार होत्या. ती जागा आधी मदतनिसाला मिळणार, पण ती दहावी पास असली तरच. आता बारावी लागते म्हणतात, तेव्हा दहावी पुरे होती. पास नाही झाली तर बाहेरची कुणी येणार आणि ही पुढची पंचवीस वर्षं खिचडीचं पातेलंच घासणार. बारा वर्षं तिनं त्या लेकरांचं हगणं-मुतणं काढलं होतं. गावातलं कुठलं पोर कधी चालायला लागलं ते आयांपेक्षा हिला जास्त पाठ होतं. जागा तिचीच होती, मध्ये फक्त गणिताचे पस्तीस मार्क उभे होते.

मी म्हटलं, ये उद्यापासून.

ती रोज तीन ते पाच यायची. आमच्या ओट्यावर काळी शहाबादी फरशी आहे, तिच्यावरच मी खडूनं लिहायची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिचे चोख होते. साठ लेकरांच्या खिचडीला तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, हे ती तोंडी सांगायची. गाडी अडली ती टक्केवारीशी.

"आठ किलोचं लेकरू दहा किलोचं झालं. शेकडा वाढ किती?" मी तिच्याच कामातलं उदाहरण घातलं.

तिनं दोनाला दहानं भागलं आणि सांगितलं, "वीस टक्के."

"चूक. पंचवीस. दोनाला आठानं भागायचं."

"का पर?"

"वाढ जुन्यावर मोजायची असते."

"जुनं गेलं की, बाई. ते लेकरू आता न्हाईच. आज मांडीवर जे हाय, त्यालाच शंभर धरायचं ना?"

एवढ्या वर्षांत पोरांनी हीच चूक हजारदा केली असेल, पण चुकीला असं कारण कुणी दिलं नव्हतं. मला खरं तर कौतुक वाटायला हवं होतं. मी चिडले. चार दिवस तेच चाललं, आणि पाचव्या दिवशी मी एक्स आणि वाय आणले. संख्या एक्सवरून वाय झाली, तर शेकडा वाढ किती? वायमधून एक्स वजा करा, एक्सनं भागा, शंभरानं गुणा. एका ओळीचं काम.

"एक्सचं वजन किती धरायचं?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही म्हणून तर एक्स म्हणायचं ना!"

"मग ठाऊकच न्हाई त्याच्यावर वाढ कशी काढायची?"

मी कपाळाला हात लावला. आवाज असा चढला की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन बघून गेली. मदतनिसानं पदरानं फरशी पुसली, पुन्हा तेच गणित मांडलं आणि पुन्हा तिथंच अडली. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी रात्री जेवताना ह्यांना म्हणालेसुद्धा. हे म्हणाले, "घडा पालथा आहे का ओतणारीचा हात चुकतोय, ते बघ आधी."

मग मला वाटलं, हिला खरं वजन, खरा काटा समोर ठेवून शिकवावं. पुढच्या आठवड्यात वजनाचा दिवस होता. कुणी बोलावलं नसताना मी अंगणवाडीत गेले.

सेविका ताई वही घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. छताच्या कडीला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. दहा-बारा बाया लेकरं घेऊन ओळीनं बसलेल्या. एक गोष्ट मला लगेच खटकली. काट्याची तबकडी भिंतीकडे होती. काटा आणि भिंत यांच्यामध्ये मदतनीस उभी राहायची, लेकरू झोळीत घालायची, वाकून बघायची आणि ताईंच्या कानाशी पुटपुटायची. आईला फक्त मान हलवून सांगायची, वाढलं किंवा न्हाई वाढलं. आकडा मोठ्यानं कुणीच बोलत नव्हतं.

मी सेविका ताईंना विचारलं, हे काय? त्या हसल्या. "इथली रीतच हाय, बाई. वजन बोलायचं न्हाई. नजर लागती म्हणत्यात."

झालं. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मभर वर्गात एक वाक्य सांगत आले, आकड्याला लाज नसते. आकडा आहे तो आहे. आणि इथं सरकारी अंगणवाडीत काट्याचं तोंड भिंतीकडं! तेवढ्यात मदतनिसानं एक बारकंसं पोर झोळीत घातलं. वर्ष-सव्वा वर्षाचं असेल, डोळे टपोरे, पाय काटकुळे. मी पुढं झाले, काटा धरून तबकडी बायांकडं फिरवली आणि माझ्या त्या आवाजात म्हणाले, "सात किलो आठशे! यात लपवायचं काय आहे?"

मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, माझं धाकलं त्याच्याच बरूबर झालंय, ते धा किलोच्या वर हाय." दुसरी हसली. वाईट मनानं नसेल हसली, पण हसली. त्या पोराची आई विशीतली होती. ती उठली, झोळीतून पोर काढून घेतलं, पदराखाली झाकलं आणि चप्पल न घालताच निघून गेली. तिची सासू पायरीवर बसली होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "शिकलेल्या बाईनं असं करावं व्हय?" आणि सुनेच्या चपला हातात घेऊन तिच्यामागं गेली.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, अर्थात मीच कशी बरोबर होते त्या थाटात. हे कांदा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात गाईचा भाव तरी कुणी ओरडून सांगतं का? रुमालाखाली बोटं धरतात. जनावराला जेवढा मान, तेवढा लेकराला नको?" मी म्हटलं, तुम्ही कांदा निवडा.

तीन वाजता मदतनीस आली. मला वाटलं होतं, येणार नाही. ती फरशीवर बसली, वही उघडली, आणि मी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायला सुरुवात केली. नजर म्हणजे काय, शास्त्र काय सांगतं, तुझ्यासारखीनंच असं वागलं तर कसं व्हायचं, वगैरे. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, नजर मी बी मानत न्हाई. बारा वर्सं लेकरं मोजतीय. नजरंनं कुनाचं वजन उतरल्यालं बघितलं न्हाई. जुलाबानं उतरतं, उपाशी ऱ्हाऊन उतरतं."

"मग काट्याचं तोंड भिंतीकडं कशाला?"

"आकडा मोठ्यानं बोलला की तो त्या लेकराचा ऱ्हात न्हाई. गावाचा हुतो. रस्त्यानं जाताना लोकं त्याच्यावरनंच वळखत्यात. मग आई त्याला भायेरच काढत न्हाई."

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक?"

तिनं वहीतून डोळे काढले नाहीत. "मला बारा पडले हुते, बाई. नववीच्या सहामाहीला. तुमी मोठ्यानं बोल्ला हुता."

सुरुवातीला मला काही कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं. मी पेपर वाटायचे ते मार्कांच्या उतरत्या क्रमानं. सगळ्यात जास्त त्याचा पहिला, सगळ्यात कमी त्याचा शेवटी, आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं. मला वाटायचं, त्यानं पोरं जिद्दीला पेटतात. शेवटच्याला काहीतरी चिमटाही काढायचे, वर्ग हसायचा, मलाही बरं वाटायचं.

"शंभरातले बारा," ती म्हणाली. "तुमी म्हनला हुता, ही गेली बाराच्या भावात. पोरं लई हसली. दुसऱ्या दिशी कॅनॉलच्या रस्त्याला पोरं मला बारा म्हनूनच हाका मारत हुती. आठ दिस काढले मी. मग न्हाई गेले शाळेत. आईला म्हनले, पोट दुखतं. तिला बरंच झालं, धाकल्या भावंडांना बघायला कुनीतरी हुतंच पायजे."

मला तो वर्ग आठवत नव्हता. ती मुलगी आठवत नव्हती. ते वाक्य मात्र माझंच होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. बाराच्या भावात हा शब्द मी आजही कढी फुटली तरी वापरते. एका पोरीची शाळा सुटली त्या वाक्यानं, आणि मी त्या दिवशी घरी येऊन जेवले असेन, झोपले असेन. मला लाज वाटली. आकड्याला लाज नसते म्हणणारीला, वयाच्या साठीत, स्वतःच्या ओट्यावर बसून रडायला आलं.

"मग माझ्याकडं कशाला आलीस गं?" मी विचारलं.

"गणित तुमच्यावानी कोन शिकवतंय इथं?" ती सरळ म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. "परीक्षा मार्चात हाय, बाई. ते एक्सचं सांगा ना."

मी खुर्चीवरून उठले. मग खाली बसले, तिच्या शेजारी, आणि हळू बोलायचा प्रयत्न केला. माझा हळू आवाज चमत्कारिक निघतो, घोगरा. "त्या सकाळच्या पोराचं वजन मला पुन्हा सांगू नकोस," मी म्हणाले. "असं समज, मला ते ठाऊकच नाही. मागच्या महिन्यातलं होतं त्याला जुनं म्हणून ज म्हण. आत्ताचं आहे त्याला नवं म्हणून न म्हण. आता आकडा न बोलता मला सांग, किती वाढलं?"

तिनं खडू घेतला. फरशीवर ज लिहिला, न लिहिला. "न मधनं ज काढायचा, ती वाढ."

"आणि शेकडा?"

ती थांबली. मला वाटलं, आता पुन्हा नव्या वजनानंच भागणार. तिनं त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. "ज नं भागायचं," ती म्हणाली. "त्यानं कुठनं सुरू केलं, त्याच्यावर धरायचं. न्हाईतर बारक्यावर अन्याव हुतोय." आणि शंभरानं गुणिले असं लिहून टाकलं.

मग तीच हसायला लागली. "बाई, हे तर आमी रोजच करतोय की! बोलायचं न्हाई त्या आकड्याला नाव द्यायचं, येवढंच हाय व्हय ते एक्स?"

"एवढंच आहे," मी म्हणाले. एकतीस वर्षांत एक्सची याहून चांगली व्याख्या माझ्या तोंडून निघाली नव्हती.

तिनं मनातल्या मनात सकाळची वही उलटली असावी. बोटं मोजली, फरशीच्या कोपऱ्यात माझ्याकडं पाठ करून काहीतरी मांडलं आणि पुसून टाकलं. मग म्हणाली, "त्या बारक्यानं ह्या म्हैन्यात शंभरामागं चार वाढवलं. आन ती धा किलोवाली लई फुशारकी मारत हुती ना? तिच्या पोरानं शंभरामागं दोन." ती उठलीच. "येते मी. त्याच्या घराकडनं जाते. त्याच्या आईला सांगते, शंभरामागं चार, अख्ख्या अंगनवाडीत येवढं कुनाचंच न्हाई."

मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, "तुमी नका येऊ." बरोबरच होतं ते. मी तिच्याबरोबर एक निरोप दिला, बाईंचं चुकलं म्हणून सांग. तो तिनं पोचवला. पुढच्या महिन्यात ती आई पोराला घेऊन पुन्हा वजनाला आली, असं मला मदतनिसाकडूनच कळलं. काट्याचं तोंड भिंतीकडंच होतं. फरक एवढाच झाला होता, की आता ही नुसती मान न हलवता शंभरामागं किती ते सांगायची, आणि बाया घरी जाताना तेवढं पाठ करून जायच्या.

त्यानंतर गाडी सुटली. एकदा मी विचारलं, एखादी संख्या दहा टक्के वाढली आणि मग दहा टक्के घटली, तर मूळची मूळ होईल का? माझे हुशार विद्यार्थीही इथं हो म्हणायचे. ती म्हणाली, "न्हाई. लेकरू दिवाळीत भरतं आन उन्हाळ्यात जुलाब लागून तेवढंच टक्के उतरतं, तवा पयल्यापरीस खालीच जातं. बघितलंय मी." आणि मग ज वरून अकरा ज भागिले दहा, त्यातला दहावा भाग वजा, असं करत नव्याण्णव ज भागिले शंभरवर येऊन थांबली. "हे बघा, एक गेला," म्हणाली. तो एक नक्की कुठं गेला, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. भूमिती मात्र तिला शेवटपर्यंत फारशी आवडली नाही. वर्तुळाच्या प्रमेयांना ती तोंडावर शिव्या द्यायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मार्चमध्ये राहुरीला सेंटर होतं. तिच्या नवऱ्यानं टेम्पोतून सोडलं. पेपर देऊन ती परस्पर माझ्याकडं आली. "एक्स आन वाय हुतं," म्हणाली. "मी मनात ज आन न म्हनत गेले, कागदावर त्यास्नी पायजे ते लिव्हलं." भूमितीचं विचारलं तर म्हणाली, त्याचं नाव काढू नका.

एप्रिल गेला, मे गेला. सेविका ताईंचा निरोप समारंभ ठरला. त्यांच्या जागेसाठी तालुक्याहून दोघींचे अर्ज आले आहेत असं कुणीतरी म्हणालं. मला झोप लागेना. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी कधी अशी धास्तावले नव्हते. पस्तीसला एक जरी कमी पडला असता, तर त्या बाईचं दोनदा नुकसान माझ्या हातून झालं असतं, असंच मला वाटत राहिलं.

निकालाच्या दिवशी एक वाजून गेला, दीड झाला. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. ती कोपऱ्यावरून वळताना दिसली. धावत नव्हती. मोबाईल छातीशी पालथा धरला होता, पडदा आत. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. फरशीवर येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"किती पडले?" हे माझ्या ओठांवर आलं होतं, आणि त्या आवाजात आलं असतं तर अख्ख्या आळीनं ऐकलं असतं. मी ते गिळलं.

"बाई, आकडा न्हाई बोलनार," ती म्हणाली. "वाढ सांगते."

"सांग."

"शंभरामागं दोनशे."

गणिताच्या बाईला एक प्रश्न विचारावाच लागतो. "कशावर?"

"जुन्यावर," ती म्हणाली. "जुना तुमाला ठावा हाय."

मी फरशीकडं बघत हिशेब केला. बारा. बाराचे शंभर टक्के म्हणजे बारा, दोनशे टक्के म्हणजे चोवीस. बारा आणि चोवीस. मी पुन्हा केला. मग तिच्याकडं पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसत होती. मी तिला जवळ ओढलं. तो मोबाईल आमच्या दोघींच्या मध्ये तसाच पालथा राहिला.

आतून ह्यांनी हाक मारली, "आली का गं ती? किती पडले?"

आकडा माझ्या तोंडात होता. "वाढले," मी म्हणाले, इतक्या हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.